साथीची वाट आणि विषाणूची वंशावळ

मुंबईहून समुद्रमार्गाने दक्षिणेकडे निघाले म्हणजे रेवदंडा व मुरुड ही गावे मागे पडल्यावर राजपुरीची खाडी लागते. तिच्या मुखाशी जंजिऱ्याचा जलदुर्ग उभा आहे. आत उत्तरेच्या काठावर आगरदांडा आणि समोर दक्षिणेच्या काठावर दिघी अशी दोन बंदरे आहेत. हल्ली या दोहोंमध्ये मोटारींसकट माणसे पैलतीरी नेणारी फेरीबोट चालते. हिंदुस्थानच्या नकाशात आगरदांडा शोधावयाचे झाल्यास भिंग हाती घ्यावे लागेल. तथापि एखादी साथ कोठून आली व कशी पसरली याचा विचार करताना मोठ्या शहरापेक्षा अशा लहानशा धक्क्याकडे दृष्टी ठेवणे अधिक उपयोगाचे असते. शहरात रोग शिरला ही वार्ता वर्तमानपत्रे देतात. शहरातून तो घरोघर कसा उतरला, हे मात्र धक्क्यावर उतरणाऱ्या उतारूंच्या येण्याजाण्यावरून समजते.

विषाणू हा स्वतः प्रवास करीत नाही. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, व जिवंत पेशीत शिरल्यावाचून वाढत नाही. मनुष्याबरोबर, पक्ष्याबरोबर अथवा जनावराबरोबर जेवढे जाता येईल तेवढेच त्याचे चालणे. म्हणून साथीचा नकाशा काढू गेले की बहुधा माणसांच्या कामधंद्याचा, सणावारांचा व नात्यागोत्याचाच नकाशा तयार होतो. याचे सर्वांत मोठे व सर्वांत दुःखद उदाहरण महाराष्ट्राने १९१८ साली अनुभवले.

त्या वर्षी पहिले महायुद्ध संपत आले होते व मुंबई बंदरात सैन्याची ने-आण करणाऱ्या जहाजांची वर्दळ होती. मे महिन्याच्या अखेरीस असेच एक जहाज गोदीस लागले. १० जून रोजी पोलीस खात्याचे सात शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. त्यांत गोदीवर नेमलेल्या शिपायाचाही समावेश होता. ताप हिवतापाचा नव्हता. पुढील दहा दिवसांत गोदीतील कामगार, बँकांतील कारकून, तारऑफिसातील नोकर, टांकसाळ व गिरणी येथील माणसे अशी क्रमाक्रमाने अंथरुणास खिळू लागली. मुंबईचे तत्कालीन आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी जहाजाकडे बोट दाखविले. हिंदुस्थान सरकारचे म्हणणे नेमके उलट, म्हणजे खलाशांनाच हा रोग मुंबईत जडला असे होते. रोग आपल्या दारी जन्मला असे कोणासच मान्य करावेसे वाटत नाही, आणि साथीच्या इतिहासात हा वाद पुनःपुन्हा आढळतो.

नावाचीही गोष्ट तशीच. युरोपात या रोगास ‘स्पॅनिश’ हे विशेषण चिकटले, ते स्पेनमध्ये तो उत्पन्न झाला म्हणून नव्हे. युद्धात गुंतलेल्या राष्ट्रांनी आपापल्या वर्तमानपत्रांवर नियंत्रण घातले होते. तटस्थ स्पेनमधील पत्रे मात्र आजाराच्या बातम्या मोकळेपणाने छापीत होती. साथीची सर्वांत जुनी ठळक नोंद अमेरिकेतील कॅन्सस प्रांताच्या लष्करी छावणीत, मार्च १९१८ मध्ये सापडते. पण नोंदीचे ठिकाण म्हणजे जन्माचे ठिकाण नव्हे. हिंदुस्थानात कित्येकांनी याला ‘मुंबईचा ताप’ म्हटले. मराठी मुलुखात सामान्य जनांच्या तोंडी राहिले ते ‘मानमोडी’ हे नाव. ते कोणा देशास किंवा शहरास डाग लावीत नाही, आणि रोग्यास काय होते ते एका शब्दात सांगते.

जूनमधली ही पहिली लाट तशी सौम्य होती. जुलैत ती ओसरली. लोकांना वाटले, आले तसे गेले. परंतु ऑगस्टच्या उत्तरार्धात पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउन, फ्रान्समधील ब्रेस्ट व अमेरिकेतील बोस्टन या तीन दूरदूरच्या बंदरांत हाच रोग विलक्षण घातक रूप घेऊन उफाळला, आणि सप्टेंबरात तो मुंबईत दिसू लागला. या वेळी रोगी दोन-तीन दिवसांत फुफ्फुसदाहाने दगावू लागले. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मृत्यू पावली. शहराची वस्ती तेव्हा दहा-बारा लाखांची होती.

आता जरा पंचांग उघडून पाहू. कोकणच्या किनाऱ्यावर त्या काळी आगगाडी नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत राबणारा कोकणी मनुष्य आगबोटीने किंवा पडावाने गावी जाई, आणि पावसाळा लागला की ही वाहतूक बंद पडे. पहिली, सौम्य लाट आली तेव्हा समुद्र खवळलेला होता व बंदरे बंद होती. त्या साली नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या २१-२२ तारखेस आली. गणेशचतुर्थी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडली, पितृपक्ष त्या महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत लागला, आणि शहरात मृत्यूंनी परमावधी गाठली ती नवरात्राच्या आरंभी. म्हणजे घातक लाट शहरात चढत होती त्याच सुमारास दर्याचे दार उघडत होते, व गावी जाण्याची निमित्ते एकामागून एक येत होती.

यात इन्फ्लुएंझाच्या स्वभावाची भर पडते. विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि ताप येण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून रोगी दुसऱ्यास रोग देऊ लागतो. मुंबईपासून राजपुरीच्या खाडीपर्यंतचा जलप्रवास एका दिवसाच्या आतला आहे. तेव्हा भाऊच्या धक्क्यावर धडधाकट दिसणारा मनुष्य बोटीत चढे, वाटेत शेजाऱ्याशी पानसुपारी करी, घरी पोहोचून आईच्या हातचे जेवी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठू शकत नसे. अशा माणसास बंदरावर अडवावे तरी कोणत्या लक्षणावरून? देवीच्या रोग्याचे अंग दिसते, प्लेगच्या रोग्याची गाठ हातास लागते. इन्फ्लुएंझाचा उतारू मात्र चार माणसांसारखाच धक्क्यावर उतरतो. समुद्र आणखी एक महिना बंद राहता तर किनारा वाचला असता असे मात्र समजू नये. पनवेल, पेण, अलिबाग अशा खुष्कीच्या वाटा होत्याच, आणि घाटावरील गावे तर आगगाडीने मुंबईशी जोडलेली होती.

मुरुड, आगरदांडा व भोवतालचा मुलूख तेव्हा जंजिरा संस्थानात, म्हणजे नबाबाच्या अमलाखाली होता. शेजारी ब्रिटिश अमलातला कुलाबा जिल्हा. कागदावरील या सरहद्दीचा रोगास काही अडथळा नव्हता. मोजदादीस मात्र अडचण होती. गावोगाव मृत्यूची नोंद करणाऱ्यास रोगनिदान येत नसल्यामुळे मानमोडीने गेलेल्यांपैकी पुष्कळांची नावे नुसत्या ‘ताप’ या सदराखाली लिहिली गेली. म्हणूनच देशातील एकूण मृत्यूंचा आकडा पुढे अप्रत्यक्ष रीतीने, म्हणजे नेहमीच्या वर्षापेक्षा किती अधिक माणसे मेली त्यावरून काढावा लागला. प्रारंभीचा सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटी व त्याहूनही वर नेला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. १९११ साली आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या सुमारे २५ कोटी २१ लाख होती. १९२१ च्या खानेसुमारीत ती २५ कोटी १३ लाख भरली. खानेसुमारी सुरू झाल्यापासून दहा वर्षांत देशाची लोकसंख्या घटल्याचा हा एकच प्रसंग.

मुंबईहून साथ आगगाडीच्या रुळांवरून देशात गेली. सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबई इलाखा, मध्यप्रांत व वऱ्हाड यांत तिचा कहर झाला. मद्रासकडेही ऑक्टोबरातच तिने शिखर गाठले. बंगालला पोहोचता पोहोचता नोव्हेंबर उजाडला. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना तिचा जोर उत्तरोत्तर कमी होत गेला. मध्यप्रांत-वऱ्हाडात वस्तीच्या मानाने सर्वाधिक माणसे दगावली, बंगालमध्ये त्या मानाने पुष्कळ कमी. याचे एकच कारण सांगून भागणार नाही. १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला होता; पश्चिम व मध्य हिंदुस्थानात धान्य महाग व दुर्मिळ झाले होते; आणि उपाशी शरीरास रोग सोसत नाही.

मुंबई शहराचे आकडे या बाबतीत फार बोलके आहेत. दर हजारी इन्फ्लुएंझाने मेलेल्यांचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९.०, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना खालच्या जातीचे म्हणून नोंदविले होते अशा हिंदूंत ६१.६ इतके पडले. शहर एक, विषाणू एक, महिनेही तेच. एका खोलीत दहा-दहा माणसांनी राहणे, पाण्यासाठी लांब जावे लागणे, आणि घरातली कर्ती माणसे एकदम निजली तर तोंडात पाणी घालावयास कोणी नसणे, यांनी सातपटींचा फरक पडला. दुसरे असे की इतर वर्षी इन्फ्लुएंझा म्हाताऱ्यांना व तान्ह्यांना नेतो. या वेळी वीस ते चाळीस वयाची माणसे अधिक गेली, आणि त्यांतही बायका पुरुषांहून अधिक. रोग्याच्या उशाशी रात्र काढणे कोणाच्या वाट्यास येते हे सांगावयास नको.

येथवर साथीची वाट झाली. आता प्रश्न उरतो तो असा की जूनमधला सौम्य रोग सप्टेंबरात इतका घातक कसा झाला? विषाणूच बदलला काय? १९१८ साली याचे उत्तर देणे अशक्य होते, कारण रोगाचे खरे कारणच ठाऊक नव्हते. त्या वेळचे वैद्यकशास्त्र फायफर नावाच्या जर्मन संशोधकाने वर्णिलेल्या एका जंतूस दोष देत होते. इन्फ्लुएंझाचा मानवी विषाणू लंडन येथील संशोधकांनी १९३३ साली फेरेट नावाच्या मुंगुसासारख्या प्राण्याच्या साहाय्याने प्रथम वेगळा केला.

विषाणू कसा बदलतो हे समजण्यास जुन्या पोथ्यांचे उदाहरण मराठी माणसास जवळचे वाटेल. छापखाने नव्हते तेव्हा ग्रंथ हाताने उतरून घेतले जात, आणि नकलकाराच्या हातून काना गळे, ओळ सुटे, किंवा समासातली टीप मूळ ओवीत शिरे. पुढचा नकलकार ती चूकही इमानाने उतरून घेई व तिच्यात आपली नवी घाली. ज्ञानेश्वरीत अशी पाठभेदांची गर्दी झाली म्हणून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, डॉ. वि. सी. सुकथनकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते. त्यांनी बाराशेंहून अधिक हस्तलिखितांच्या आधारे चाललेल्या या कामाची रीत घालून दिली, ती सोप्या शब्दांत अशी. दोन पोथ्यांत एकच वेगळी चूक आढळली तर त्या एका आजीच्या नाती समजाव्या. एकीत ती चूक आहे व शिवाय दुसरी एक आहे, तर ती मागाहूनची. अशा रीतीने चुकांवरून पोथ्यांची वंशावळ लागते, आणि कोणता पाठ काश्मीरकडे वाढला व कोणता दक्षिणेत, हेही दिसते.

विषाणूचे अगदी असेच आहे. इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा सर्व ‘मजकूर’ सुमारे साडेतेरा हजार अक्षरांचा असून तो आठ सुट्या पानांवर लिहिलेला असतो. पेशीत शिरल्यावर त्याच्या लक्षावधी नकला होतात, आणि ही नकल तपासून घेण्याची सोय या विषाणूपाशी नाही. बहुतेक चुका निरर्थक असतात, कित्येक विषाणूसच मारक ठरतात. क्वचित एखादी त्याच्या पथ्यावर पडते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, एकाच प्राण्याच्या पेशीत दोन निरनिराळे इन्फ्लुएंझा एकदम शिरले तर त्यांची सुटी पाने एकमेकांत मिसळतात आणि नवीच पोथी बांधली जाते.

१९१८ ची पोथी हाती आली ती मात्र बर्फातून. अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या खेड्यात त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुमारे ८० प्रौढ माणसांपैकी ७२ माणसे पाच दिवसांत मेली व गोठलेल्या जमिनीत पुरली गेली. योहान हुल्टिन हा तरुण शास्त्रज्ञ १९५१ साली तेथे गेला. त्या वेळच्या साधनांनी त्यास काही साधले नाही. सेहेचाळीस वर्षांनी, वयाच्या ७२ व्या वर्षी, गावकऱ्यांची संमती घेऊन तो पुन्हा गेला व एका स्त्रीच्या फुफ्फुसाचा अंश घेऊन आला. त्यावरून व जुन्या लष्करी दवाखान्यातील नमुन्यांवरून टाउबेनबर्गर यांच्या मंडळीने २००५ साली संपूर्ण मजकूर वाचून काढला. त्यानंतर २०२२ मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय संग्रहालयात जतन केलेली, जून १९१८ मध्ये मृत झालेल्या दोघांची फुफ्फुसे तपासण्यात आली. पहिल्या लाटेतील या प्रतींची पुढच्या लाटेतील प्रतींशी तुलना केली तेव्हा, माणसाच्या अंगभूत संरक्षणास दाद न देण्याशी ज्यांचा संबंध आहे अशी थोडी अक्षरे मधल्या काळात बदललेली आढळली. मोजक्या नमुन्यांवरून फार मोठा सिद्धांत मांडणे योग्य नव्हे. परंतु दोन लाटांच्या दरम्यान विषाणू जसाच्या तसा राहिला नव्हता, इतके म्हणण्यास यातून आधार मिळाला.

या पोथीची संतती दीर्घायू ठरली. १९५७ साली तिच्यातील तीन पाने पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाकडून नवी येऊन आशियाई साथ झाली. हिंदुस्थानात ती मे महिन्यात, सिंगापुराहून मद्रासला आलेल्या बोटीने, म्हणजे पुन्हा धक्क्यावरूनच शिरली. १९६८ मध्ये आणखी दोन पाने बदलली. २००९ साली डुकरांमध्ये वाढलेली एक मिश्र प्रत माणसांत आली, तिच्यातही कित्येक पानांचे मूळ १९१८ पर्यंत पोहोचते. देशातील तिचा पहिला मृत्यू पुण्यास ३ ऑगस्ट २००९ रोजी झाला.

यानंतर आला तो सर्वस्वी निराळ्या कुळातील विषाणू. करोना विषाणूचा मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा. त्यास नकल तपासण्याची थोडीफार सोय असल्यामुळे चुका कमी, सरासरीने महिन्यास दोन. महाराष्ट्रातील पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजी पुण्यात निश्चित झाले. ते दुबईहून परतलेले प्रवासी होते. या वेळी वाट जहाजाची नसून विमानाची होती. पुढे शहराकडून गावाकडे जाण्याचा ओघ मात्र जुनाच होता. २५ मार्चपासून टाळेबंदी झाली, वाहने थांबली, आणि मुंबईतील कोकणी माणसे मिळेल त्या मार्गाने, कित्येक पायीसुद्धा, गावाकडे निघाली. गणपतीस घरी जाणाऱ्यांवर त्या वर्षी विलगीकरणाच्या अटी घालण्यात आल्या. १९१८ साली नभोवाणी नव्हती. २०२० साली दूरध्वनी उचलला की आधी खोकल्याचा आवाज व मग सूचना ऐकू येई. रायगडच्या किनाऱ्याचे दुर्दैव असे की ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ त्यावरच आदळले. एकमेकांपासून दूर राहा असे बजावले जात असता मुरुड-श्रीवर्धनकडील माणसांना छपरे उडू नयेत अशा पक्क्या इमारतींत एकत्र दाटीने बसावे लागले.

या विषाणूच्या नकला मात्र प्रथमपासूनच वाचल्या जात होत्या. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून अशा कामात होती. डिसेंबर २०२० मध्ये देशातील निरनिराळ्या प्रयोगशाळांचा एक संघ याच हेतूने उभा करण्यात आला. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती-अकोल्याकडे रोगी एकाएकी वाढले. मार्चअखेर आरोग्य खात्याने जाहीर केले की महाराष्ट्रातून घेतलेल्या नमुन्यांपैकी १५ ते २० टक्क्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र आढळतात. याच कुळातली एक शाखा पुढे देशभर व मग जगभर पसरली. भारतातील तिचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० मधले आहेत. एप्रिल-मे २०२१ मध्ये येथे तिने हाहाकार केला, आणि जूनपर्यंत ब्रिटनमध्ये इतर सर्व शाखांना मागे सारले. विमानाच्या वेगाने पोथी कशी फिरते याचा हा वस्तुपाठ होय. परदेशी पत्रे तिला ‘भारतीय’ म्हणू लागली होती. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने अशा सर्व शाखांना ग्रीक अक्षरांची नावे दिली, व हिच्या वाट्यास ‘डेल्टा’ हे अक्षर आले. देशांच्या नावांनी रोगास हाका मारण्याची खोड मोडावी, हाच त्यामागील उद्देश होता. स्पेनला ही सवलत शंभर वर्षांपूर्वी मिळाली नाही.

डेल्टाचे राज्य मात्र टिकले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेकडून ओमायक्रॉनची वार्ता आली. ती डेल्टाची मुलगी नव्हती. करोनाच्या वंशवृक्षाच्या निराळ्याच, जुन्या फांदीवर ती उगवली होती. २०२२ च्या जूनपर्यंत डेल्टा इतकी विरळ झाली की जागतिक आरोग्य संघटनेने तिला ‘पूर्वी फिरत असलेल्या’ शाखांत घातले, व तिचा वंश जवळजवळ तेथेच खुंटला. मानमोडीच्या पोथीची काही पाने मात्र अजून नकलली जात आहेत, आणि दर वर्षी निघणारी इन्फ्लुएंझाची लस तयार करताना त्या वंशातील अगदी अलीकडची प्रत कोणती, हे पाहूनच तिचा मजकूर ठरविला जातो.